रमोन्स (१९७४–१९९६): सामूहिक आडनाव, सदस्यबदल आणि हक्काचा प्रश्न

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील लोकप्रिय संगीताचा इतिहास बहुधा कलावंतांच्या चरित्रांतून किंवा गाजलेल्या ध्वनिमुद्रिकांच्या क्रमाने लिहिला गेला आहे. संगीत निर्माण करणारा वाद्यसमूह, म्हणजेच बँड, ही मुळात एक संस्था असते. तिला नाव असते, शिस्त असते, मालमत्ता असते, भागीदार आणि पगारी माणसेही असतात. तिच्यातून काही जण बाहेर पडतात, नवे येतात, आणि तरीही ती त्याच नावाने ओळखली जाते. या संस्थात्मक बाजूकडे अभ्यासकांचे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे.

प्रस्तुत लेखात न्यूयॉर्क शहरातील 'रमोन्स' या पंक रॉक बँडच्या सदस्यबदलांचा इतिहास या दृष्टीने तपासला आहे. इ.स. १९७४ ते १९९६ या बावीस वर्षांत या बँडने २,२६३ जाहीर कार्यक्रम केले आणि १४ स्टुडिओ ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केल्या. या काळात एकूण आठ वादक-गायकांनी 'रमोन' हे आडनाव धारण केले. त्यांपैकी कोणाचेही खरे आडनाव रमोन नव्हते आणि कोणाचेही एकमेकांशी रक्ताचे नाते नव्हते. आरंभापासून अखेरपर्यंत टिकून राहिले ते केवळ दोघे: गायक जोई आणि गिटारवादक जॉनी.

रमोन्सने आपली ओळख व्यक्तींवर न बेतता नाव, वेश आणि वादनपद्धती यांच्या एका ठरीव घडणीवर बेतली. या घडणीमुळे सदस्य बदलणे शक्य झाले आणि बँड दीर्घकाळ टिकला. मात्र सर्वांना समान दिसणाऱ्या आडनावाच्या आड भागीदार आणि पगारी वादक हा भेद झाकला गेला, आणि पुढील वादांचे एक महत्त्वाचे मूळ त्या भेदात आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

साधनांविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. डी डी, जॉनी आणि मार्की यांची आत्मकथने, प्रवास-व्यवस्थापक मॉन्टी मेलनिक याचे पुस्तक आणि २००३ चा 'एंड ऑफ द सेंच्युरी' हा माहितीपट ही या विषयाची प्रमुख प्रकाशित साधने आहेत. आत्मकथने परस्परांशी सर्वत्र जुळत नाहीत आणि प्रत्येक निवेदक आपली बाजू मांडतो, हे उघड आहे. म्हणून येथे हेतूंच्या चर्चेपेक्षा तारखा, ध्वनिमुद्रिकांवरील श्रेयनामे आणि सदस्यत्वाच्या अटी यांवर अधिक भर दिला आहे.

एका आडनावाचा उदय

रमोन्सचा जन्म न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील फॉरेस्ट हिल्स या मध्यमवर्गीय वस्तीत झाला. जॉन कमिंग्ज, डग्लस कोल्विन, जेफ्री हायमन आणि थॉमस एर्डेली हे त्या परिसरातील तरुण. एर्डेलीचा जन्म बुडापेस्टचा. लहानपणी तो कुटुंबासह अमेरिकेत आला होता. ३० मार्च १९७४ रोजी 'परफॉर्मन्स स्टुडिओज' या तालमीच्या जागेत बँडचा पहिला कार्यक्रम झाला, तेव्हा मंचावर तिघेच होते. कमिंग्ज गिटार वाजवीत होता, कोल्विन बेस गिटार वाजवून गात होता आणि हायमन ड्रमवर होता. एर्डेली त्या वेळी व्यवस्थापकाच्या भूमिकेत होता.

ही पहिली रचना फार काळ टिकली नाही. बेस वाजविणे आणि गाणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करणे कोल्विनला जमेना, म्हणून हायमनकडे गायन आले. हायमनला ड्रम वाजवीत गाता येईना, म्हणून नव्या ड्रमवादकाचा शोध सुरू झाला. अनेक उमेदवारांच्या चाचण्या झाल्या. परंतु बँडला हवे असलेले साधे, अखंड आणि वेगवान वादन त्यांतील कोणालाच साधेना. अखेर एर्डेली स्वतःच ड्रमवर बसला. तो मूळचा गिटारवादक व ध्वनिमुद्रणातील तंत्रज्ञ होता; ड्रमवादक म्हणून त्याची काही ख्याती नव्हती. रमोन्सच्या इतिहासातील पहिला सदस्यबदल अशा रीतीने बँडचे नाव होण्यापूर्वीच घडला. त्यात कोणी बाहेर गेले नाही, केवळ कामांची फेरवाटणी झाली. माणसापेक्षा 'काम' आधी ठरविण्याची ही पद्धत पुढील बावीस वर्षे कायम राहिली.

आडनावाची कल्पना कोल्विनची. बीटल्सच्या आरंभीच्या दिवसांत पॉल मॅकार्टनीने काही काळ 'पॉल रमोन' हे टोपणनाव वापरले होते, त्यावरून त्याने स्वतःला डी डी रमोन म्हणवून घेतले आणि इतरांनाही ते नाव घेण्यास राजी केले. कमिंग्ज जॉनी रमोन झाला, हायमन जोई रमोन आणि एर्डेली टॉमी रमोन. मराठी वाचकाला आडनाव म्हटले की कूळ, मूळ गाव आणि भावकी आठवते. आडनाव जन्माने मिळते, ते निवडले जात नाही. येथे नेमके उलटे घडले. आडनाव आधी निवडले गेले आणि त्यातून एक कृत्रिम भावकी निर्माण झाली. काळे चामड्याचे जाकीट, फाटकी जीन्स, टी-शर्ट, लांब केस आणि कपाळावरील झुलपे हा वेश या भावकीचा गणवेश ठरला.

मूळ चौकडी आणि तिची घडण (१९७४–१९७८)

१६ ऑगस्ट १९७४ रोजी रमोन्सने मॅनहॅटनच्या बावरी या रस्त्यावरील 'सीबीजीबी' या क्लबमध्ये पहिला कार्यक्रम केला. हिली क्रिस्टल याने १९७३ च्या अखेरीस सुरू केलेला हा क्लब पुढे न्यूयॉर्कमधील पंक चळवळीचे केंद्र बनला. 'सायर' या कंपनीने बँडशी करार केला. 'रमोन्स' ही पहिली ध्वनिमुद्रिका सुमारे ६,४०० डॉलर इतक्या अल्प खर्चात तयार होऊन एप्रिल १९७६ मध्ये बाजारात आली. तीत चौदा गाणी होती आणि त्या सर्वांचा मिळून कालावधी अर्ध्या तासापेक्षाही कमी होता. अमेरिकी विक्रीच्या यादीत ती १११ व्या क्रमांकापलीकडे गेली नाही. ४ जुलै १९७६ रोजी लंडनच्या राउंडहाउस सभागृहात झालेल्या कार्यक्रमाचा तेथील उदयोन्मुख पंक पिढीवर मोठा प्रभाव पडला, हे मात्र सर्वमान्य आहे.

या काळात बँडची सांगीतिक घडण निश्चित झाली. जॉनी गिटारच्या तारांवर जवळजवळ केवळ वरून खाली आघात करीत असे. त्यामुळे अखंड, जाड आणि सपाट नाद निर्माण होई. एकल वादनाला जागा नव्हती. डी डी प्रत्येक गाण्याआधी 'एक, दोन, तीन, चार' अशी इंग्रजी मोजणी ओरडून करीत असे आणि दोन गाण्यांमध्ये क्षणभरही खंड पडत नसे. टॉमीचे ड्रमवादन अलंकारविरहित व घड्याळासारखे नियमित होते. ही शैली ऐकण्यास सोपी वाटली तरी वाजविण्यास शारीरिकदृष्ट्या कठीण होती. तिचे नियम मात्र स्पष्ट होते, आणि नियम स्पष्ट असलेली गोष्ट दुसऱ्याला शिकविता येते. सदस्यबदलाच्या दृष्टीने ही बाब निर्णायक ठरली.

आरंभीच्या ध्वनिमुद्रिकांवर स्वतःच्या गाण्यांचे लेखक म्हणून व्यक्तींची नावे न देता 'रमोन्स' असे सामूहिक श्रेय दिले जाई. प्रत्यक्षात डी डी, जोई आणि टॉमी यांनी गाणी स्वतंत्रपणे किंवा मिळून रचली होती. आडनावाप्रमाणेच श्रेयाचीही ही सामायिक व्यवस्था होती, आणि बँड एकजीव असेतोवर ती निर्विघ्न चालली.

या चौकडीने १९७६ व १९७७ या दोन वर्षांत तीन स्टुडिओ ध्वनिमुद्रिका केल्या. रमोन्स म्हटले की आज हीच चौकडी डोळ्यांपुढे उभी राहते. तथापि बावीस वर्षांपैकी ती एकत्र होती ती चार वर्षांपेक्षाही कमी काळ, आणि चौदांपैकी अकरा स्टुडिओ ध्वनिमुद्रिका ती फुटल्यानंतरच्या आहेत.

टॉमीचे निर्गमन व मार्कीचा प्रवेश (१९७८)

इ.स. १९७८ मध्ये टॉमी मंचावरून बाजूला झाला. सततच्या प्रवासाचा आणि गाडीतील चौघांच्या ताणलेल्या सहवासाचा त्याला असह्य त्रास होऊ लागला होता. त्याने बँडशी संबंध तोडला नाही. 'रोड टू रुइन' (१९७८) या पुढच्याच ध्वनिमुद्रिकेचा तो एड स्टॅसियम याच्यासह निर्माता होता, आणि १९८४ मध्ये 'टू टफ टू डाय' साठी ही जोडी पुन्हा एकत्र आली. मंचावरील सदस्यत्व आणि निर्मितीतील सहभाग या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे या घटनेने प्रथम दाखवून दिले.

त्याच्या जागी मार्क बेल आला आणि मार्की रमोन झाला. तो व्यवसायाने मुरलेला ड्रमवादक होता. 'डस्ट' या हार्ड रॉक बँडमध्ये आणि त्यानंतर 'रिचर्ड हेल अँड द व्हॉइडॉइड्स' मध्ये त्याने काम केले होते. अधिक गुंतागुंतीचे वादन येत असूनही त्याला टॉमीची साधी पद्धत आत्मसात करावी लागली. येथे नवा कलावंत स्वतःची शैली घेऊन येत नाही, तर रिकाम्या झालेल्या जागेची शैली स्वीकारतो. पुढे रमोन्सचे सर्वाधिक परिचित गाणे ठरलेले 'आय वॉना बी सिडेटेड' हे 'रोड टू रुइन' मधील आहे. त्यातील ड्रमवादन मार्कीचे आहे. मूळ चौकडी म्हणजेच खरे रमोन्स, हा प्रचलित समज या एका उदाहरणाने तपासून घ्यावा लागतो.

दुभंगाचा काळ (१९८०–१९८३)

फिल स्पेक्टर या ख्यातनाम निर्मात्याने केलेली 'एंड ऑफ द सेंच्युरी' (१९८०) ही ध्वनिमुद्रिका अमेरिकी यादीत ४४ व्या क्रमांकापर्यंत पोहोचली. बँडला तेथे मिळालेले हे सर्वोच्च स्थान होय. तीतील 'बेबी, आय लव्ह यू' या गाण्यात बँडपैकी केवळ जोईचा आवाज आहे. बाकी वादन बाहेरून बोलाविलेल्या वादकांचे आहे. पुढील काळात इतर ध्वनिमुद्रिकांतही वॉल्टर ल्यूर याच्यासारख्या बाहेरच्या गिटारवादकांनी भर घातली. मुखपृष्ठावर दिसणारे चार आणि प्रत्यक्ष ऐकू येणारे वादक हे नेहमी तेच नव्हते. सदस्यत्वाची व्याख्या करताना ही वस्तुस्थिती दुर्लक्षिता येत नाही.

मोठे व्यावसायिक यश हुलकावणी देत राहिले आणि सामायिक व्यवस्थेला तडे जाऊ लागले. 'प्लेझंट ड्रीम्स' (१९८१) पासून गाण्यांचे श्रेय व्यक्तींच्या नावे दिले जाऊ लागले. याच सुमारास जोईची प्रेयसी जॉनीकडे गेली आणि पुढे जॉनीशी विवाहबद्ध झाली. त्यानंतर दोघांत बोलणे जवळजवळ राहिले नाही. त्यांचे राजकीय विचारही परस्परविरोधी होते. अध्यक्ष रेगन यांनी १९८५ मध्ये पश्चिम जर्मनीतील बिटबर्ग येथील दफनभूमीला दिलेल्या भेटीचा निषेध करणारे गाणे जोईच्या सहभागातून रचले गेले, तेव्हा रेगनसमर्थक जॉनीने त्याच्या शीर्षकाला हरकत घेतली आणि १९८६ च्या ध्वनिमुद्रिकेत ते बदललेल्या शीर्षकाने आले. रक्ताचे नाते नसलेल्या या घरात भाऊबंदकी मात्र अस्सल होती. असे असूनही दोघेही पुढे पंधरा वर्षे एकाच गाडीतून प्रवास करीत आणि एकाच मंचावर उभे राहत. वैयक्तिक स्नेहाविना संस्था चालू शकते याचे हे ठळक उदाहरण आहे. कामाच्या वाटण्या पक्क्या होत्या, कार्यक्रमांचे वेळापत्रक ठरलेले होते आणि जॉनीची शिस्त लष्करी स्वरूपाची होती.

या शिस्तीचा फटका मार्कीला बसला. मद्यपानामुळे कामात व्यत्यय येऊ लागल्याने 'सबटेरेनियन जंगल' (१९८३) च्या सुमारास त्याला काढून टाकण्यात आले. त्या ध्वनिमुद्रिकेच्या मुखपृष्ठावर भुयारी रेल्वेच्या डब्यात तिघे दारापाशी आहेत आणि मार्की बाजूच्या खिडकीतून बाहेर पाहताना दिसतो.

रिची आणि टी-शर्टचा पैसा (१९८३–१९८७)

मार्कीच्या जागी रिचर्ड राइनहार्ट हा 'रिची रमोन' या नावाने आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका मारामारीत जॉनीच्या डोक्याला गंभीर दुखापत होऊन शस्त्रक्रिया करावी लागली; पुढच्या ध्वनिमुद्रिकेच्या 'टू टफ टू डाय' या शीर्षकाला या प्रसंगाचा संदर्भ आहे. रिचीच्या काळात तीन ध्वनिमुद्रिका झाल्या: १९८४ ची ही, 'अ‍ॅनिमल बॉय' (१९८६) आणि 'हाफवे टू सॅनिटी' (१९८७). रिची केवळ ड्रमवादक नव्हता. तो गात असे आणि गाणीही लिहीत असे. 'समबडी पुट समथिंग इन माय ड्रिंक' हे त्याचे गाणे बँडच्या नित्य कार्यक्रमात रुजले.

असे असूनही तो बँडचा भागीदार नव्हता, तर पगारी सदस्य होता. येथे रमोन्सच्या अर्थकारणाचा विचार करावा लागतो. ध्वनिमुद्रिकांची विक्री मर्यादित असल्याने बँडचा निर्वाह कार्यक्रमांचे मानधन आणि टी-शर्टची विक्री यांवर होता. टी-शर्टवरील बोधचिन्ह आर्टुरो व्हेगा या कलावंताने रचले होते. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या राजमुद्रेतील गरुडाच्या पंजात ऑलिव्हच्या फांदीऐवजी सफरचंदाची फांदी आणि बाणांऐवजी बेसबॉलची बॅट त्याने दाखविली. मुद्रेच्या कडेने सदस्यांची नावे होती आणि सदस्य बदलला की कडेवरील नावही बदले. एखाद्या संस्थेची सदस्यनोंद वस्त्रावर छापली जावी, असा हा प्रकार होता.

रिचीचे गाऱ्हाणे नेमके येथे होते. ज्या टी-शर्टच्या विक्रीला मंचावरील त्याच्या श्रमांचाही हातभार लागत होता, त्या विक्रीत त्याला वाटा नव्हता. वाद मिटला नाही आणि ऑगस्ट १९८७ मध्ये तो एकाएकी निघून गेला. पुढे २००७ साली आपल्या गाण्यांच्या डिजिटल विक्रीच्या मानधनासाठी त्याने न्यायालयात दावाही दाखल केला. नाव समान, वेश समान, मंच समान. पण मिळकतीतील हक्क असमान, हा भेद रिचीच्या प्रकरणात प्रथम उघड झाला. दुसऱ्या बाजूचाही विचार केला पाहिजे. जोई, जॉनी आणि डी डी यांनी उपेक्षेची आणि अल्प उत्पन्नाची पहिली वर्षे सोसली होती. नाव त्यांनी घडविले होते आणि घडविलेल्या नावावर त्यांचा अधिक अधिकार होता, असे त्यांना वाटणे अस्वाभाविक नव्हते. प्रश्न असा की हा जास्तीचा अधिकार किती काळ आणि कोणकोणत्या मिळकतीवर चालावा. संस्थेच्या रचनेत या प्रश्नाला उत्तर नव्हते.

दोन रात्रींचा सदस्य

रिची गेल्यावर ठरलेले कार्यक्रम पार पाडण्यासाठी 'ब्लॉन्डी' या प्रसिद्ध बँडचा ड्रमवादक क्लेम बर्क याला बोलाविण्यात आले. त्याला एल्व्हिस रमोन हे नाव देण्यात आले. ऑगस्ट १९८७ च्या अखेरीस प्रॉव्हिडन्स आणि ट्रेन्टन या शहरांत दोन कार्यक्रम झाले आणि त्याचे सदस्यत्व संपले. बर्क हा त्या पिढीतील मान्यवर ड्रमवादक होता. उणीव त्याच्या कौशल्यात नव्हती. त्याची शैली या वेगाला आणि एकसुरी सातत्याला जुळणारी नव्हती. आडनाव एका दिवसात देता येते, घडण मात्र अंगी मुरावी लागते, हे या प्रसंगावरून स्पष्ट होते. त्यामुळे मद्यपान सोडून सावरलेल्या मार्कीलाच सप्टेंबर १९८७ मध्ये परत घेण्यात आले आणि तो अखेरपर्यंत राहिला. काढून टाकलेल्या सदस्याला सन्मानाने परत घेतल्याचे रमोन्सच्या इतिहासातील हे एकमेव उदाहरण आहे.

डी डीचे जाणे व सी. जे.चे येणे (१९८९)

जुलै १९८९ मध्ये डी डी बाहेर पडला. आडनावाचा जनक, बँडचा सर्वांत सकस गीतकार आणि गाण्याआधीच्या मोजणीचा आवाज असा हा सदस्य होता. त्याआधीच त्याने 'डी डी किंग' या नावाने रॅप शैलीची ध्वनिमुद्रिका काढली होती. रमोन्सच्या ठरीव चौकटीचा त्याला कंटाळा आला होता. जी घडण बँडला टिकवीत होती, तीच तिच्या निर्मात्याला जाचक झाली, ही बाब लक्षणीय आहे.

त्याच्या जागी ख्रिस्तोफर जोसेफ वॉर्ड हा तरुण 'सी. जे. रमोन' म्हणून आला. त्याचा जन्म १९६५ चा. पहिली ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा तो दहा वर्षांचा होता. रमोन्सचा चाहता म्हणून वाढलेला पहिला रमोन असे त्याचे वर्णन करता येईल. निवडीच्या वेळी तो अमेरिकी नौदलाच्या मरीन दलातून परवानगीविना अनुपस्थित होता. ते प्रकरण मिटल्यावर ३० सप्टेंबर १९८९ रोजी इंग्लंडमधील लेस्टर येथे त्याने पहिला कार्यक्रम केला. मोजणी ओरडण्याचे काम आता त्याच्याकडे आले. बेस वाजविण्याची उभे राहण्याची ढबही त्याने राखली. काही गाण्यांचे मुख्य गायन त्याच्याकडे सोपविण्यात आले आणि वयस्कर होत चाललेल्या बँडला त्याच्यामुळे मंचावर नवा जोम मिळाला. आर्थिकदृष्ट्या मात्र तोही पगारी सदस्यच होता.

डी डीने बँड सोडल्यानंतरही बँडसाठी लिहिणे सोडले नाही. 'मॉन्डो बिझारो' (१९९२) मधील 'पॉयझन हार्ट' हे गाजलेले गाणे त्याने डॅनियल रे याच्यासह लिहिले होते. म्हणजे एकाच ध्वनिमुद्रिकेत गेलेल्या सदस्याचे शब्द आणि आलेल्या सदस्याचे वादन एकत्र नांदत होते. दक्षिण अमेरिकेत बँडला जी अभूतपूर्व लोकप्रियता मिळाली, तिचा कळस याच काळातला. १६ मार्च १९९६ रोजी ब्यूनस आयर्सच्या रिव्हर प्लेट मैदानावर झालेला कार्यक्रम त्याची साक्ष आहे. तेथील तरुण श्रोत्यांनी प्रत्यक्ष मंचावर पाहिलेला रमोन्सचा बेसवादक बहुधा सी. जे. हाच होता.

सातत्याचे अदृश्य धागे

सदस्यबदलाचा विचार केवळ मंचापुरता केल्यास सातत्याचा उलगडा अपुरा राहतो. मॉन्टी मेलनिक हा आरंभापासून अखेरपर्यंत प्रवास-व्यवस्थापक होता. ड्रमवादक चार वेळा बदलले, तो बदलला नाही. व्हेगाने बोधचिन्ह, प्रकाशयोजना आणि टी-शर्ट यांतून बँडचे दृश्यरूप जपले. स्टॅसियमने वेगवेगळ्या दशकांतील ध्वनिमुद्रिकांवर काम केले आणि डॅनियल रे याने उत्तरकाळात गीतलेखन व निर्मितीला हातभार लावला. यांपैकी कोणालाही रमोन हे आडनाव मिळाले नाही. आडनाव मिळालेल्या आठांपैकी निम्म्यांपेक्षा त्यांचा संस्थेशी संबंध अधिक दीर्घ होता.

समकालीन पंक बँडशी तुलना केल्यास रमोन्सचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. 'सेक्स पिस्टल्स' या लंडनच्या बँडने १९७७ मध्ये बेसवादक बदलला आणि वर्षभरातच तो बँड फुटला. कॅलिफोर्नियातील 'ब्लॅक फ्लॅग' मध्ये दहा वर्षांत चार गायक झाले. तेथे सातत्य होते ते गिटारवादक ग्रेग गिन या एका व्यक्तीचे. 'यू. के. सब्ज' हा ब्रिटिश बँड अनेक सदस्यबदलांतून चार्ली हार्पर या गायकाभोवती उभा राहिला. या उदाहरणांत बँड एक तर व्यक्तिकेंद्री आहे किंवा अल्पजीवी. रमोन्समध्ये केंद्रस्थानी दोन परस्परविरोधी व्यक्ती होत्या आणि त्यांना बांधून ठेवणारी गोष्ट त्या दोघांपैकी कोणाचीही एकट्याची नव्हती.

निरोप, सन्मान आणि वारसा

६ ऑगस्ट १९९६ रोजी हॉलिवूडमधील 'पॅलेस' सभागृहात रमोन्सचा अखेरचा कार्यक्रम झाला. डी डी पाहुणा म्हणून एका गाण्यापुरता मंचावर आला आणि त्याचे शब्द विसरला. त्यानंतर काही वर्षांतच मूळ सदस्य एकामागून एक गेले: जोई १५ एप्रिल २००१ रोजी, डी डी ५ जून २००२ रोजी, जॉनी १५ सप्टेंबर २००४ रोजी आणि टॉमी ११ जुलै २०१४ रोजी. पहिल्या ध्वनिमुद्रिकेला अमेरिकेत 'सुवर्ण' प्रमाणपत्र मिळाले ते २०१४ मध्ये, म्हणजे अडतीस वर्षांनंतर. त्या वेळी मूळ चौघांपैकी टॉमी एकटाच हयात होता. दोन रात्रींचा सदस्य ठरलेला क्लेम बर्क एप्रिल २०२५ मध्ये निवर्तला.

मार्च २००२ मध्ये रमोन्सचा 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम' मध्ये समावेश झाला. संस्थेने जोई, जॉनी, डी डी, टॉमी आणि मार्की या पाच जणांची नावे समाविष्ट केली. तीन ध्वनिमुद्रिकांत वाजविणारा आणि गाणी लिहिणारा रिची त्यात नव्हता. सात वर्षे मंचावर असलेला आणि तीन ध्वनिमुद्रिकांत सहभागी झालेला सी. जे. ही नव्हता. आकडेवारी पाहिल्यास टॉमी, रिची आणि सी. जे. यांपैकी प्रत्येकाच्या नावावर सदस्य म्हणून तीन-तीन स्टुडिओ ध्वनिमुद्रिका आहेत. उरलेल्या पाच ध्वनिमुद्रिका डी डी व मार्की एकत्र असतानाच्या आहेत. टॉमीचे संस्थापकत्व आणि शैली घडविण्यातील वाटा निर्विवाद असल्याने त्याचा मान योग्यच होय. तथापि रिची व सी. जे. यांना वगळताना कामाचे मोजमाप झाले की मूळ चौकडीच्या प्रतिमेशी असलेली जवळीक पाहिली गेली, हा प्रश्न शिल्लक राहतो.

मालकीचा प्रश्नही असाच आहे. बँडचे नाव व हक्क सांभाळणाऱ्या कंपनीची मालकी जोईचा भाऊ आणि जॉनीची पत्नी यांच्याकडे निम्मी-निम्मी आली. जोई आणि जॉनी यांच्यातील अबोला अशा रीतीने वारसाहक्काने पुढच्या पक्षांकडे गेला आणि न्यायालयापर्यंत पोहोचला. दरम्यान मार्की, रिची आणि सी. जे. यांनी आपापल्या बँडसह रमोन्सची गाणी सादर करणे चालू ठेवले. ज्यांनी नाव वाजविले त्यांच्याकडे गाणी राहिली आणि ज्यांनी ते कधी वाजविले नाही त्यांच्याकडे नाव गेले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, रमोन्सचे दीर्घायुष्य हे सदस्यांच्या एकोप्याचे फळ नव्हते. सामूहिक आडनाव, समान वेश आणि शिकता येण्याजोगी वादनपद्धती यांनी सदस्यांना बदलण्याजोगे बनविले, म्हणून संस्था टिकली. दुसरा, ही बदलण्याजोगी अवस्था अमर्याद नव्हती. क्लेम बर्कच्या दोन कार्यक्रमांनी तिची सीमा दाखविली, आणि जोईच्या गायनाला व जॉनीच्या गिटारला कधीही पर्याय शोधला गेला नाही. तिसरा, बँडची अनेक महत्त्वाची कामे, त्यांत सर्वांत परिचित गाणे आणि विक्रीतील सर्वोच्च स्थानही आले, मूळ चौकडीनंतरची आहेत. त्यामुळे 'मूळ' आणि 'नंतरचे' हा भेद कलात्मक मूल्याचा निकष म्हणून पुरेसा नाही.

चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष हक्कासंबंधीचा आहे. सामूहिक नाव बंधुभावाची घोषणा करते, परंतु उत्पन्नाची वाटणी, गीतलेखनाचे श्रेय आणि मरणोत्तर मालकी यांविषयी ते काहीच सांगत नाही. ज्या संस्थेत नाव सर्वांचे आणि मिळकत काहींची असते, तिथे नंतर आलेल्याचे श्रम इतिहासातूनही सहज वगळले जातात. कारण हिशेबाच्या वहीतून वगळलेला माणूस सन्मानाच्या यादीपर्यंत पोहोचणे अवघड असते. म्हणून एखाद्या बँडचा इतिहास लिहिताना कोण कधी आला व कधी गेला एवढी नोंद पुरेशी नाही. तो कोणत्या अटीवर आला आणि जाताना त्याच्या हाती काय राहिले, याचीही नोंद झाली पाहिजे. रमोन्सच्या आठ सदस्यांचा इतिहास लोकप्रिय संगीताच्या अभ्यासकाला ही दिशा दाखवितो.